भ्रष्टाचारावर हसणारा ‘सामान्य माणूस’ नेमका कोण?

‘सापळा रचून लाचखोर कर्मचाऱ्याला रंगेहाथ पकडले’ ही बातमी महाराष्ट्रातल्या कोणत्या ना कोणत्या जिल्ह्याच्या पानावर रोजच असते. दुपारपर्यंत तिच्यावर विनोद तयार होतात आणि संध्याकाळी जुन्या सिनेमातले तुकडे जोडलेली रील फिरू लागतात. टेबलाखालचा हात, ‘चहापाणी’, ‘साहेब जेवायला गेलेत’, ‘उद्या या’ हे सगळे आपल्याला इतके पाठ आहे की राग येण्याआधी हसू येते.

या हसण्याबद्दल आम्हाला बोलायचे आहे. रोजच्या भ्रष्टाचारावरचा विनोद हा भारतीय सिनेमाचा जुना आणि लोकांच्या आवडीचा प्रकार आहे. त्यातले काही सिनेमे आम्हीही पुन्हा पुन्हा पाहतो. पण वस्तीत काम करताना आठवड्यातून दोन-तीन दिवस आम्ही कुठल्या तरी कार्यालयाच्या खिडकीपुढे उभे असतो. त्या रांगेत जे लोक आमच्या मागेपुढे असतात, ते या सिनेमांत जवळजवळ दिसत नाहीत. ‘आमचाही एखादा माणूस दाखवा’ एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. रांगेत कोण उभा आहे यावर भ्रष्टाचाराचे रूप बदलते आणि त्यातून सुटण्याची वाटही बदलते. सिनेमा एकाच माणसाची वाट दाखवत राहिला, तर भ्रष्टाचार म्हणजे काय याची समाजाची समजच अर्धवट राहते.

आडनावे वाचून पाहा

‘सिनेमात जात कशाला आणता?’ असे आपल्याला लगेच विचारले जाते. आणायची गरजच नाही, ती आडनावात आधीच बसलेली आहे. कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’ (१९८३) घ्या. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या तुटपुंज्या पैशात झालेला हा सिनेमा आजही या प्रकारातला मानदंड आहे. बिल्डर तरनेजा आणि आहुजा, आयुक्त डिमेलो, कोसळणारा पूल, आणि मध्ये सापडलेले दोन फोटोग्राफर विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा. ‘खोसला का घोसला’ (२००६) मध्ये दिल्लीतल्या कमल किशोर खोसलांचा प्लॉट खुराना बळकावतो. ‘जॉली एलएलबी’ (२०१३) मध्ये वकील त्यागी, समोरचा वकील राजपाल, न्यायाधीश त्रिपाठी. खटला मात्र फुटपाथवर झोपलेल्या आणि गाडीखाली चिरडलेल्या मजुरांचा आहे. दूरदर्शनवर नाही, पण घराघरात पोहोचलेली ‘ऑफिस ऑफिस’ ही मालिका आठवा: पांडे, शुक्ला, भाटिया, पटेल, उषाजी, आणि त्यांच्या टेबलांमध्ये भिरभिरणारा मुसद्दीलाल.

इथे लाच घेणाराही त्यांच्यातला आणि देणाराही त्यांच्यातलाच आहे. एका अर्थाने हे घरातल्या घरातले भांडण आहे. म्हणून तो विनोद हलकाफुलका राहतो. शुक्लाजी मुसद्दीलालला कितीही चकरा मारायला लावोत, मुसद्दीलाल त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसू शकतो. ‘तू इथे कशाला आलास’ अशा नजरेने त्याच्याकडे कुणी पाहत नाही. त्याची अडचण पैशाची आणि वेळेची असते, माणूस म्हणून असलेल्या किमतीची नसते.

आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रातला ‘कॉमन मॅन’ही असाच: धोतर, चौकटीचा कोट, चष्मा, आणि सगळे मुकाट पाहणारा चेहरा. तो प्रेमळ आहे, आपल्या ओळखीचा आहे. पण या देशातला ‘सामान्य’ माणूस म्हटल्यावर असाच चेहरा का डोळ्यासमोर यावा, हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे. ज्याची जात सांगावी लागत नाही, तो ‘सामान्य’ ठरतो. ज्याची जात कागदावर लिहावी लागते, तो ‘लाभार्थी’ ठरतो.

सुटकेची वाटही याच सामान्य माणसाच्या मापाने शिवलेली असते. खोसला कुटुंब काय करते? पोलीस, वकील, पुढारी सगळे थकल्यावर नाटकमंडळी गोळा करते, खोटा जमीनमालक उभा करते आणि मत्स्यखात्याची सरकारी जमीन खुरानाच्याच गळ्यात मारते. चोरावर मोर. सिनेमा उत्तम आहे, प्रेक्षक टाळ्या वाजवतो. पण ही युक्ती चालण्यासाठी काय काय लागते? ओळखीपाळखी, श्रीमंत दिसता येईल अशी भाषा आणि कपडे, आणि पकडले गेलो तरी आपले ऐकून घेतले जाईल हा भरवसा. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. आपल्या वस्तीतल्या बापाने अशी नक्कल केली असती, तर पहिल्याच दिवशी त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला असता. मग तो विनोदी सिनेमा राहिला नसता.

नियमपुस्तक आणि एक मत

नायक वेगळा घेतला की गोष्ट किती बदलते, हे दोन सिनेमांनी दाखवले आहे.

पहिला अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ (२०१७). ‘नूतन’ हे नाव बदलून ‘न्यूटन’ झालेला तरुण कारकून छत्तीसगडच्या जंगलात ७६ मतदारांसाठी मतदान केंद्र चालवायला जातो. त्याची जात कुणी मोठ्याने सांगत नाही, पण घरातल्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर दिसते आणि जाणणाऱ्याला ते कळते. सुरक्षा दलाचा अधिकारी आत्मासिंग त्याला समजावतो, टाळतो, घाबरवतो. उरकून टाकू, असाच सगळ्यांचा सूर. न्यूटन मात्र नियमाला चिकटून बसतो आणि प्रेक्षक त्याच्या हट्टावर हसतो.

आम्हाला हा हट्ट ओळखीचा वाटला. ज्याच्याकडे ओळख असते त्याला नियम वाकवता येतो, म्हणून त्याला नियमाचे हसू येते. ज्याच्याकडे ओळख नसते त्याच्या हातात नियमाशिवाय दुसरे काहीच नसते. शासन निर्णयाची झेरॉक्स खिशात ठेवून तालुक्याला जाणारे कार्यकर्ते आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ‘हा फार नियम सांगतो’ म्हणून कार्यालयात त्यांची टिंगल होते. न्यूटन त्यांच्यातलाच आहे. सिनेमाने ही गोष्ट भिंतीवरच्या एका तसबिरीवर भागवली, हे मात्र खटकते. तो असा का आहे याचे उत्तर त्या तसबिरीत आहे आणि सिनेमा तिच्यापाशी क्षणभरच थांबतो.

दुसरा तमिळ सिनेमा ‘मंडेला’ (२०२१), दिग्दर्शक मडोन अश्विन. गावात दोन जातींचे दोन गट, ग्रामपंचायतीची निवडणूक, दोन्ही बाजूंची मते समसमान. गावाबाहेरच्या झाडाखाली केस कापणारा एक न्हावी आहे. त्याला कुणी नावाने हाक मारत नाही, कामाचे पैसेही धड देत नाही. साठवलेले पैसे चोरीला गेल्यावर तो पोस्टात खाते काढायला जातो, तेव्हा त्याच्याकडे ना नाव ना कागद. पोस्टातली बाई त्याला नेल्सन मंडेला हे नाव देते. नावापाठोपाठ मतदार ओळखपत्र येते आणि त्याचे एक मत निर्णायक ठरते. मग दोन्ही गट त्याला भेटवस्तूंनी मढवू लागतात.

इथे लाच उलटी वाहते आणि सिनेमा एक अवघड गोष्ट धीटपणे दाखवतो: मंडेला आधी ती लाच मजेत घेतो. ज्याला आयुष्यभर कुणी काही दिले नाही, तो मिळते ते का सोडेल? नंतर मार खाल्ल्यावर त्याला मताची खरी किंमत कळते आणि तो गावाच्या सोयी मागू लागतो. ‘गरीब लोक पाचशे रुपयांत मत विकतात’ असा उपदेश ऐकवणाऱ्यांनी हा सिनेमा जरूर पाहावा. नायक न्हावी समाजातला आहे. तमिळनाडूत हा समाज अनुसूचित जातीत येत नाही, पण गावगाड्यात त्याची जागा कुठे ते सिनेमा लपवत नाही. नायक झालेले योगी बाबू यांच्या रंगरूपावर तमिळ सिनेमाने वर्षानुवर्षे विनोद केले. इथे तोच चेहरा हसण्याचे निमित्त न राहता हसवणारा झाला. या सिनेमाला पदार्पणातील दिग्दर्शनाचा आणि संवादांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

खोसलांकडे ओळखी होत्या, न्यूटनकडे नियमपुस्तक, मंडेलाकडे एक मत. तिघांचा भ्रष्टाचाराशी झगडा आहे, पण तिघांची हत्यारे वेगळी आहेत. प्रतिनिधित्वाचा अर्थ इथे समजतो.

भ्रष्ट कोण दिसतो?

दुसरी बाजूही पाहायला हवी. या विनोदात आपण अजिबातच नसतो असे नाही. ‘पीपली लाईव्ह’ (२०१०) मध्ये आत्महत्येची घोषणा केलेल्या नत्थाच्या दारात नेते रांग लावतात, त्यात जातीच्या राजकारणावर मोठा झालेला पप्पूलाल टीव्ही घेऊन येतो. म्हणजे आपण येतो ते रांगेतला माणूस म्हणून नाही, संधिसाधू पुढारी म्हणून. असे पुढारी आपल्यात नाहीत का? आहेत, आणि त्यांच्यावर हसायलाच हवे. पण आपला तेवढाच एक चेहरा दिसत राहिला की ‘हेच लोक जास्त भ्रष्ट’ ही समजूत पक्की होते.

जानेवारी २०१३ मध्ये जयपूरच्या साहित्य महोत्सवात अभ्यासक आशिष नंदी यांच्या एका विधानावरून मोठा वाद झाला. बहुतेक भ्रष्ट लोक मागास जाती आणि अनुसूचित जाती-जमातींमधून येतात, असा त्याचा आशय होता. तक्रार दाखल झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, अटकेला स्थगिती मिळाली. नंदी यांचा खुलासा असा होता की वरच्या थरातला भ्रष्टाचार सफाईदार असल्याने तो भ्रष्टाचार वाटतच नाही, खालच्यांचा चटकन डोळ्यात भरतो. विधान बेजबाबदार होते, पण खुलाशातला मुद्दा सिनेमाला नेमका लागू पडतो. टेबलाखालून पाचशेची नोट घेणारा कॅमेऱ्यात छान दिसतो. मुलाच्या प्रवेशासाठी विश्वस्ताला केलेला एक फोन कॅमेऱ्यात दिसत नाही, त्याला ‘ओळख’ म्हणतात.

२०११ च्या लोकपाल आंदोलनातही हाच पेच होता. ‘सामान्य माणूस’ टोपी घालून रस्त्यावर आला, तेव्हा त्या समितीत आम्ही कुठे आहोत, असे अनेक दलित संघटनांनी विचारले. उदित राज यांनी वेगळा ‘बहुजन लोकपाल’ मसुदा मांडला. तेव्हा त्याची थट्टा झाली. पण पुढे झालेल्या लोकपाल कायद्यात किमान निम्मे सदस्य अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आणि महिला यांतून असावेत, अशी तरतूद आली. भ्रष्टाचार कोण तपासतो याने फरक पडतो, हे कायद्याला कळले. पडद्यापर्यंत ते अजून पोहोचलेले नाही.

न निघालेला सिनेमा

मराठीत या प्रकारचे सिनेमे कमी नाहीत. ‘जाऊ तिथे खाऊ’ मध्ये मकरंद अनासपुरेंचा नायक विहीर चोरीला गेल्याची तक्रार घेऊन यंत्रणेला वेठीला धरतो. याच कल्पनेवर श्याम बेनेगल यांनी हिंदीत ‘वेल डन अब्बा’ केला. त्यात नायक अरमान अली हा मुस्लीम ड्रायव्हर आहे, ही या प्रकारात दुर्मीळ आणि चांगली गोष्ट. मात्र विहिरीची योजना दारिद्र्यरेषेखालच्यांची असल्याने तो आधी खोटा दाखला मिळवतो आणि आपण त्याच्यासोबत हसतो. रमेश इंगळे उत्रादकर यांच्या कादंबरीवरचा ‘निशाणी डावा अंगठा’ साक्षरता अभियानाचा कागदी खेळ उघडा पाडतो. गोष्ट मात्र मास्तरांची आहे. ज्यांच्या अंगठ्यावर हे सगळे चालले, ते कडेलाच राहतात.

खोट्या दाखल्याचा विनोद आपल्या बाजूने पाहिला तर वेगळा दिसतो. खोट्या जातप्रमाणपत्रांवर हजारो नोकऱ्या लाटल्या गेल्या, विशेषतः आदिवासींच्या. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे लाभ टिकवता येणार नाहीत असा निकाल दिला. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारने अशा कर्मचाऱ्यांना ‘अधिसंख्य’ पदांवर सामावून घेतले. ज्यांची जागा गेली त्यांच्यासाठी हे किती क्रूर आणि किती हास्यास्पद आहे! यावर सिनेमा का नाही?

आणि खऱ्या माणसाचे काय होते? आमच्याकडे दर उन्हाळ्यात बारावी झालेली मुले-मुली पालकांना घेऊन येतात, कारण प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्या पणजोबाला शाळेच्या पडवीत बसू दिले नाही, त्याच्या शाळेचा दाखला आणा म्हणतात. नाही मिळाला तर कोतवाल बुकाची नक्कल शोधायची, ती मोडीत असली तर भाषांतर करून घ्यायचे. नातीच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिलेले, कागद मागतात ‘महार’ लिहिलेला. १४ ऑक्टोबर १९५६ ला जे सोडले, त्याचा पुरावा सापडत नाही म्हणून मुलीचा प्रवेश अडतो. नक्कल देणारा म्हणतो रजिस्टर जीर्ण आहे, काढायला माणूस लावावा लागेल. तो माणूस कोण आणि त्याचा दर काय, हे बाहेरच्या टपरीवर कळते.

यात लाच आहे, जात आहे, इतिहास आहे आणि विनोदही ठासून भरलेला आहे. पण मुदत संपली तर त्या मुलीचे वर्ष जाते, कधी शिक्षणच जाते. मुसद्दीलालला पुढच्या भागात पुन्हा चक्कर मारता येते, तिला येत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनवर महिनोन्‌महिने पडून राहणे, रमाई आवासचा हप्ता फोटो ‘अपलोड होत नाही’ म्हणून अडणे, या सगळ्यांची जातकुळी एकच. त्यात २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करायची असते. हे वस्तीत किती जणांना ठाऊक आहे? लाचलुचपत विभागाचा १०६४ हा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असतो, पण ज्याचे काम उद्याही त्याच टेबलावर आहे, तो तक्रार करायला कचरतो.

हसणे आपल्याला नवे नाही

‘तुमच्या लोकांचे सिनेमे फार गंभीर’ असे कधी कधी ऐकायला येते. ‘फँड्री’पासून पुढे आपल्या दिग्दर्शकांना आधी वेदना सांगावी लागली, कारण तीच दडपली गेली होती. पण विनोद ही आपली मिरास आहे. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकात एक जोशी कुणबी जोडप्याला भीती घालून लुबाडतो आणि विदूषक मध्येच येऊन त्याची लबाडी उघडी पाडतो. रोजच्या लुबाडणुकीवरचा इतका आधुनिक विनोद तेव्हा दुसरीकडे कुठे होता? दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले, हेही लक्षात ठेवू. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी प्रश्न थेट विचारला: सरकारी कचेऱ्यांत बसलेले कोण आणि त्यांच्याकडून नाडले जाणारे कोण? भ्रष्टाचार म्हणजे चार वाईट माणसांची हाव इतकेच त्यांनी मानले नाही. कचेरीत एकाच वर्गाची भरती असल्याचा तो परिणाम आहे, हे त्यांनी दाखवले. अण्णाभाऊंच्या ‘देशभक्त घोटाळे’ आणि ‘शेटजीचं इलेक्शन’ या लोकनाट्यांची नुसती नावे वाचली तरी परंपरा कळते. आंबेडकरी जलशांनी वस्तीवस्तीत लोकांना हसवत जागे केले.

अलीकडचे उदाहरण ‘कोर्ट’चे. त्याला कुणी विनोदी सिनेमा म्हणणार नाही, पण त्यातल्या ठरावीक साक्षीदाराच्या आणि पोकळ आरोपपत्राच्या प्रसंगांत थिएटरमध्ये हसू फुटते आणि लगेच घशात अडकते. लोकशाहीर नारायण कांबळेंची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. २०२१ मध्ये कोविडने ते आपल्यातून गेले. त्या भूमिकेत जो निवांतपणा आणि तिरकसपणा होता तो अभिनयाच्या शाळेत शिकवता येत नाही. आयुष्यभर पोलीस, पंच आणि तारखा पाहिलेल्या माणसाचा तो होता.

आता आपण काय करू शकतो

पुढचा असा सिनेमा पाहताना तरुणांनी चार प्रश्न जवळ ठेवावेत. नाव-आडनाव कुणाला आहे आणि कोण नुसता ‘गर्दी’ आहे? लाच न दिल्याने कुणाचे किती नुकसान होते? सुटका ओळखीने होते, नियमाने होते की एकजुटीने? आणि हसू कुणावर आहे, खुर्चीवर की रांगेवर? या प्रश्नांवर वस्तीतल्या अभ्यासिकेत एक संध्याकाळ चर्चा केली, तर ती चांगली समाजशास्त्राची शिकवणी होईल.

दुसरे, लिहायला घ्या. जयंतीच्या वर्गणीतून साउंड सिस्टीमवर जो खर्च होतो, त्याच्या एका हिश्शात पंधरा मिनिटांचे पथनाट्य किंवा मोबाईलवरची शॉर्टफिल्म होते. विषय शोधायला लांब जायला नको. पडताळणीची फाईल, शिष्यवृत्तीचे लॉगिन, घरकुलाचा फोटो, सगळे घरातच आहे. ज्यांनी हे भोगले त्या आया-मावश्यांना संवाद लिहायला बसवा. त्यांच्याइतके नेमके आणि बोचरे कुणी बोलत नाही.

तिसरे, सर्वांत अवघड. या गोष्टींत आपल्यातला दलालही आला पाहिजे. प्रत्येक वस्तीत तो आहे. ‘जयभीम’ घालतो, फाईल हलवून देतो म्हणतो आणि विधवेच्या घरकुलातून आपला वाटा कापतो. २०१५ मध्ये अण्णाभाऊंच्याच नावाच्या महामंडळातल्या गैरव्यवहाराचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा आपल्यातले किती जण रस्त्यावर उतरले? दुसऱ्यांनी आपल्या पुढाऱ्यावर हसणे आणि आपण आपल्या दलालावर हसणे यात मोठा फरक आहे. पहिल्यात आपली बदनामी होते, दुसऱ्यात आपली सफाई होते.

प्रतिनिधित्व म्हणजे पडद्यावर निळा झेंडा दिसणे एवढेच मागून चालणार नाही. रांगेत सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या बाईच्या नजरेतून कार्यालय कसे दिसते, ते तिच्याच शब्दांत सांगितले गेले पाहिजे. ती जेव्हा हसेल, तेव्हा खिडकीच्या आतल्यांना पहिल्यांदा ओशाळल्यासारखे होईल. ती गोष्ट लिहिणारे हात आपल्यातच आहेत.

जयभीम!